पाहुण्यांवरचा आळ

हिवाळा सुरू झाला की आपल्या वर्तमानपत्रांत दोन तऱ्हेच्या बातम्या येतात. अमुक तलावावर परदेशी पाहुणे उतरले, ही पहिली. तिच्यासोबत मोठे छायाचित्र असते. दुसरी बातमी थोडी उशिरा येते. कुठेतरी कोंबड्या किंवा कावळे मरतात आणि त्याच पाहुण्यांनी रोग आणल्याचा संशय छापला जातो. संशय कोणी व्यक्त केला, कशावरून केला, हे बहुधा त्यात नसते. पुढे तपासाचे निष्कर्ष आले, तरी ते आतल्या पानावर चार ओळींत संपतात. विद्यार्थ्यांच्या मनात मात्र पहिलेच वाक्य घट्ट बसते: पक्षी रोग आणतात.

हे वाक्य खोटे आहे असे म्हणायचे नाही. रानपक्ष्यांच्या शरीरात वाढणारे आणि माणसाला आजारी पाडणारे विषाणू आहेत, आणि त्यांतले काही फार गंभीर आहेत. तक्रार आहे ती या वाक्यातल्या 'आणतात' या क्रियापदाबद्दल. त्यात किमान चार दावे दडलेले आहेत. विषाणू त्या पक्ष्याच्या शरीरात होता. तो घेऊन उडण्याइतका पक्षी धडधाकट होता. प्रवासाची दिशा आणि रोगाचा मोसम जुळतात. आणि पक्ष्यापासून माणसापर्यंत पोहोचायला एखादी वाट होती. चारही गोष्टी दाखवल्याशिवाय 'आणतात' म्हणता येत नाही. आपल्याकडचे या विषयावरचे लेखन बहुतेक वेळा पहिल्या दाव्यावरच थांबते, आणि पुष्कळदा तोही गृहीतच धरलेला असतो.

याचे सर्वात बोधप्रद उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १९५७ सालच्या मार्चमध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरू लागली. आसपासच्या गावांत त्याच सुमारास माणसांना तीव्र ताप येत होता, रक्तस्राव होत होता. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे शास्त्रज्ञ तेथे धावले. (ही संस्था १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद यांच्या सहकार्याने उभी राहिली, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच.) माकडे मरत आहेत म्हटल्यावर पहिली भीती वाटली ती पीतज्वराची. पीतज्वर भारतात नाही आणि तो शिरला तर हाहाकार उडेल, ही धास्ती तेव्हा मोठी होती. प्रयोगशाळेत मात्र वेगळाच विषाणू हाती आला. तो डासांनी नव्हे, तर गोचिडींनी पसरणारा होता आणि त्याचे नाते १९३७ साली सोव्हिएत अतिपूर्वेत सापडलेल्या 'रशियन वसंत-ग्रीष्म मेंदूज्वरा'च्या विषाणूशी जुळत होते.

आता कोडे असे पडले की सायबेरियाच्या जंगलातल्या विषाणूचा भाऊबंद सह्याद्रीच्या जंगलात कसा? पुणे केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क यांच्यासह अनेकांना एक उत्तर सुचले. सायबेरियातून दरवर्षी लक्षावधी पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून विषाणू आला असेल. वर्क यांनी १९५८ साली लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच भारतातील 'रशियन' विषाणू असा उल्लेख होता. शीर्षके फार काम करतात. एकदा विषाणूला 'रशियन' म्हटले की तो बाहेरून आला हे ठरूनच जाते, आणि मग कोणी आणला एवढाच प्रश्न उरतो.

एक अंदाज म्हणून हा विचार उत्तम होता. विज्ञानात असे अंदाज बांधावेच लागतात, आणि तो तपासण्यासाठी जे काम सुरू झाले तेही मोलाचे होते. आपला आक्षेप आहे तो हा अंदाज पुढे कित्येक वर्षे लोकप्रिय लेखांतून सिद्ध गोष्टीसारखा सांगितला गेला यावर. तो तपासायला काय लागते ते पाहू या. वरच्या वर्गातल्या मुलांनाही हे करता येईल.

गोचिडीच्या आयुष्यात अंड्यानंतर तीन अवस्था असतात आणि प्रत्येक अवस्थेत ती साधारण एकदाच पोटभर रक्त पिते. पक्ष्याला चिकटलेली लहान गोचीड काही दिवस रक्त पिऊन फुगते आणि गळून पडते. सायबेरिया ते मलनाड हा प्रवास बहुतेक पक्षी एका दमात करत नाहीत. वाटेत थांबत, खात-पीत, काही आठवडे घेऊन ते येतात. म्हणजे निघताना चिकटलेली गोचीड मलनाडपर्यंत टिकणे अवघड. ती मधेच कुठेतरी गळणार. दुसरे असे की, रशियन रोगाच्या नावातच वसंत आणि ग्रीष्म आहेत. तिथल्या गोचिडी माणसाला चावतात तो मोसम म्हणजे पक्षी सायबेरियात परत पोहोचण्याचा मोसम. तिथून निघण्याचा नव्हे. तिसरे, सायबेरियातील गोचीड इक्सोडिस कुळीची आणि क्यासनूरची मुख्य गोचीड हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा या जातीची, इथल्या जंगलातच वाढणारी. विषाणू पक्ष्याच्या रक्तातून येऊन या गोचिडीत शिरला असे म्हणायचे, तर पक्ष्याच्या रक्तात तो पुरेशा प्रमाणात आणि पुरेसे दिवस असायला हवा. जमिनीवर वावरणाऱ्या काही पक्ष्यांवर लहान गोचिडी सापडल्या, हे खरे. पण स्थलांतरित पक्षी हा या विषाणूचा मुख्य साठा आहे असा पुरावा काही हाती लागला नाही.

उलट दिशेचा पुरावा मात्र साठत गेला. क्यासनूरची साथ सुरू होण्याच्या आधीच, पन्नाशीच्या सुरुवातीला सौराष्ट्र आणि कच्छ भागातल्या लोकांकडून घेतलेल्या रक्तनमुन्यांत या गटातील विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे आढळलेली होती. म्हणजे या कुळातला कोणीतरी आपल्याकडे आधीपासूनच वावरत असावा. पुढे १९९५ मध्ये सौदी अरेबियात अलखुर्मा नावाचा विषाणू मिळाला, तर तो क्यासनूरच्या विषाणूचा सायबेरियातील नातेवाइकांपेक्षाही जवळचा भाऊ निघाला. दोघांचे पूर्ण जनुकसंच ताडून २०११ साली केलेल्या मोजणीत ते शेकडो वर्षांपूर्वीच एकमेकांपासून फुटले असावेत असे दिसले. या काळात उंट, गुरे, पक्षी, सगळ्यांची ये-जा झाली असणार, आणि त्यात एखाद्या पक्ष्याचा हातभार नसेलच असे कोणी म्हणू नये. पण १९५७ च्या जरा आधी सायबेरियातून आलेला पाहुणा, हे चित्र आता टिकत नाही.

मग १९५७ सालीच रोग का उसळला? याचे उत्तर आकाशात शोधण्याऐवजी जमिनीवर शोधणाऱ्यांमध्ये जॉर्ज बोशेल हे एक होते. १९६९ सालच्या त्यांच्या विवेचनाचा रोख असा की जंगल तोडून केलेली शेती, वाढती वस्ती आणि जंगलात चरायला जाणारी गुरे यांनी गोचिडींचे जग बदलले. वाढ झालेल्या गोचिडींना गुरांच्या रूपाने भरपूर रक्त मिळाले, त्यांची संख्या फोफावली, आणि जंगलाच्या कडेला माणूस, माकड, गुरे आणि गोचीड एकत्र आली. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच खाली पडतात, आणि ती जागा काही काळ धोक्याची होते. दरवर्षी सुमारे ४०० ते ५०० माणसांना हा रोग होतो आणि त्यांपैकी ३ ते ५ टक्के दगावतात, असे आकडे वैद्यकाच्या पुस्तकांत दिले जातात. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात तो उतरला, तेव्हा त्याला लोकांनी दिलेले नाव 'माकडताप'. त्यात आजारी पडले ते काजूच्या बागांत बी गोळा करायला जाणारे लोक. दोडामार्गच्या शिक्षकांना या रोगाची कथा सांगताना सायबेरियापर्यंत जायची गरज नाही. बागेच्या कडेला नेले तरी पुरते.

पक्ष्यांच्या संशयाची गोष्ट मात्र इथे संपली नाही, आणि तिचे पुढचे प्रकरण आणखी विचित्र आहे. अंदाज तपासायचा तर पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात हे कळायला हवे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सलीम अली यांना पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हवाच होता, पैसा नव्हता. क्यासनूरमुळे जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि १९५९-६० च्या सुमारास कच्छमध्ये काम सुरू झाले. पुढे भरतपूर, पॉइंट कॅलिमर अशा ठिकाणी हजारो पक्षी पकडून, कडी घालून सोडले गेले. अंगावरच्या गोचिडी आणि रक्ताचे नमुने घेतले गेले. भारतात कडी घातलेले पक्षी सोव्हिएत संघात सापडले, आणि आज मुलांना शिकवला जाणारा मध्य आशियाई हवाई मार्ग कागदावर उमटू लागला. पण साठीच्या दशकात या कामाचा संबंध 'मॅप्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेशी आला. एलियट मॅक्लुअर यांच्या नेतृत्वाखाली पूर्व आशियात चाललेल्या या योजनेचा पैसा अमेरिकेच्या लष्कराकडून येत होता.

१९७४ साली हे प्रकरण वृत्तपत्रांत गाजले. एप्रिल १९७५ मध्ये ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय सहकार्याने चालणाऱ्या संशोधनावर आपला १६७ वा अहवाल दिला. दिल्लीतील डासांवरच्या जननिक प्रयोगांबरोबर पक्ष्यांच्या स्थलांतराचा हा प्रकल्पही त्यात होता. भीती अशी की पक्ष्यांचे मार्ग ज्याला माहीत झाले, तो त्यांच्याकरवी शत्रूच्या प्रदेशात रोगजंतू पाठवू शकेल.

समितीचे प्रश्न सरसकट हास्यास्पद ठरवण्याची एक पद्धत आहे. ती मला पटत नाही. परक्या देशाचे लष्कर आपल्या जंगलातल्या नमुन्यांवर पैसे का खर्च करते, माहिती कोणाकडे जाते, करारावर सही कोणाची, हे लोकप्रतिनिधींनी विचारायचेच प्रश्न आहेत. त्या वेळच्या शास्त्रज्ञांनी ते आधीच स्वतःला विचारले असते तर बरे झाले असते. जैविक युद्धाच्या भीतीचा पाया मात्र तपासण्यासारखा आहे. पक्षी दूरवरून रोग घेऊन येतात, या न तपासलेल्या अंदाजावर शास्त्रज्ञांनी प्रकल्प उभारला. आणि त्याच अंदाजावर, तो सिद्ध झाला असे धरून, समितीचा संशय उभा राहिला. ज्या पक्ष्याच्या अंगावर गोचीड काही दिवसांपलीकडे टिकत नाही, तो कुठे उतरेल ते सांगता येत नाही आणि वाटेत मरेल की जगेल तेही कळत नाही, तो शस्त्र म्हणून कसा चालणार? मॅक्लुअर यांची माहिती तर १९७४ साली बँकॉकहून ग्रंथरूपाने उघड प्रसिद्धच झाली. त्या गदारोळात विचारायला हवा होता तो साधा प्रश्न मात्र मागे पडला: इतकी वर्षे नमुने तपासून क्यासनूरच्या विषाणूबद्दल निघाले काय?

आता नाण्याची दुसरी बाजू. पक्षी हाच विषाणूचा खरा यजमान असतो, तेव्हा काय होते? १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात काही वृद्ध माणसे मेंदूज्वराने आजारी पडली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने निदान केले सेंट लुई मेंदूज्वराचे. त्याच आठवड्यांत शहरात कावळे पटापट मरत होते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील विकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनामारा यांच्याकडे मेलेले कावळे आले आणि मग संग्रहालयातले फ्लेमिंगोही मेले. त्यांनी केलेला युक्तिवाद वर्गात फळ्यावर मांडावा इतका स्वच्छ आहे. सेंट लुईचा विषाणू पक्ष्यांत राहतो, पण त्यांना मारत नाही. इथे तर पक्षी मरताहेत. घोड्यांना होणारा पूर्वेकडचा मेंदूज्वर असता, तर एमू आधी मेले असते. ते तर ठणठणीत आहेत. तेव्हा हा तिसराच कोणी असणार. माणसांच्या रोगाचे तज्ज्ञ एकीकडे, पशुवैद्य दुसरीकडे, अशी विभागणी असल्याने त्यांचे म्हणणे ऐकले जायला वेळ लागला. सप्टेंबरच्या अखेरीस विषाणू ओळखला गेला: वेस्ट नाईल, १९३७ साली युगांडात प्रथम सापडलेला. (नमुने तपासणाऱ्यांत अमेरिकी लष्कराची एक प्रयोगशाळाही होती, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा.) त्या वर्षी ६२ जण आजारी पडले आणि ७ दगावले. पाच वर्षांत विषाणू पॅसिफिक किनाऱ्याला पोहोचला.

तो अटलांटिक ओलांडून कसा आला, पक्ष्यातून की विमानातल्या डासातून, हे आजवर ठरलेले नाही. एकदा आल्यावर तो पक्ष्यांनी आणि डासांनी पसरवला, यात शंका नाही. पण कोणत्या पक्ष्यांनी? लोकांनी बोट दाखवले ते कावळ्याकडे, कारण मेलेला कावळा दिसतो. पुढच्या अभ्यासात असे आढळले की बऱ्याच ठिकाणी डासांना विषाणू पुरवण्यात मोठा वाटा होता अमेरिकन रॉबिन या बागेतल्या गोड गळ्याच्या पक्ष्याचा. डास त्याला आवडीने चावतात, त्याच्या रक्तात विषाणू वाढतो, आणि तो बहुधा मरत नाही. कावळा होता धोक्याची घंटा, आणि शिक्षा मात्र घंटेलाच.

इथे शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या 'रोगवाहक' तक्त्याबद्दल बोलायला हवे. त्यात डास, माशी, उंदीर, पिसू आणि पक्षी एकाच रांगेत बसवलेले असतात. डास विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेऊन सोडतो, तो वाहक. ज्याच्या शरीरात विषाणू वाढतो आणि टिकून राहतो तो यजमान, साठा. ज्याच्या शरीरात तो शिरतो पण पुढे जाऊ शकत नाही, तो त्याच्यापुरता शेवटचा थांबा; वेस्ट नाईलच्या बाबतीत माणूस आणि घोडा हे असे थांबे आहेत. जपानी मेंदूज्वर घ्या. भारतात त्याचे रुग्ण १९५५ साली वेल्लोर भागात ओळखले गेले. त्यात बगळे, ढोकरी हे पक्षी साठा आहेत, भातखाचरात वाढणारे क्यूलेक्स डास वाहक आहेत, आणि डुकराच्या शरीरात विषाणू एवढा वाढतो की वस्तीजवळचे डास त्याने भरून जातात. बगळे पिढ्यान् पिढ्या गावात आहेत. रोगाचा प्रश्न सुटतो तो लसीने, डुकरांना वस्तीपासून दूर ठेवून, खाचरातले पाणी सांभाळून. बगळ्यांच्या मागे लागून नव्हे. 'वाहक' या एका शब्दाने हा सगळा फरक पुसला जातो.

राहिला बर्ड फ्लू. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये तो भारतात पहिल्यांदा निश्चित झाला, तेव्हा आळ लगेच पाहुण्यांवर गेला. कोंबड्या त्याआधीच मरत होत्या आणि ती मर राणीखेतची समजली जात होती. पिल्ले, अंडी, खाद्य, खत, पिंजरे आणि ट्रक यांच्या ये-जा करणाऱ्या मोठ्या व्यवसायात विषाणूला पक्ष्याखेरीज पुष्कळ वाटा असतात. त्यांची चर्चा फारच थोडी झाली.

फ्लूचे बहुतेक विषाणू रानबदकांच्या आतड्यात शांतपणे राहतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन कापले गेल्याशिवाय ते पेशीत शिरू शकत नाहीत, आणि साध्या विषाणूचे प्रथिन कापणारी विकरे फक्त आतडे आणि श्वसनमार्ग येथे असतात. एच५ आणि एच७ गटांतल्या काहींत कापण्याच्या जागी असा बदल होतो की शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी ते कापते. मग विषाणू मेंदूपासून हृदयापर्यंत सगळीकडे पसरतो. रानात असा विषाणू मागे पडतो, कारण मेलेले बदक उडत नाही. हजारो कोंबड्या खेटून ठेवलेल्या शेडमध्ये मात्र उडण्याची गरजच नसते. शेजारीण दोन बोटांवर असते. १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसात मिळालेला एच५एन१ आणि १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना होऊन ६ जणांचा बळी घेणारा एच५एन१ हे या वाटेचे प्रवासी.

पक्षिप्रेमींनी यावरून पक्षी निर्दोष आहेत असा निवाडा दिला, तोही घाईचाच. २००५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर सहा हजारांच्या आसपास रानपक्षी मेले. त्यांत मोठा भाग होता पट्टकादंबांचा, म्हणजे हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळा काढणाऱ्या हंसांचा. कोंबड्यांत घडलेला विषाणू रानात परतला होता. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलमधल्या पोंग धरणावर पुन्हा हजारो पट्टकादंब मेले. त्यानंतर या विषाणूची एक शाखा रानपक्ष्यांबरोबर अमेरिका खंडांत पोहोचली आणि समुद्रपक्षी, सील यांचे थवेच्या थवे तिने संपवले. इथे चारही दावे सिद्ध होतात: विषाणू आहे, पक्षी उडतो, दिशा आणि मोसम जुळतात, वाट आहे. जुन्या लेखांतला 'सगळा दोष कुक्कुटपालनाचा' हा सूर २०२१ नंतरच्या परिस्थितीला पुरत नाही, आणि तो तसाच उगाळणारेही पुरावा न वाचताच लिहीत आहेत.

तरीही पुढचे पान पाहावे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत हा विषाणू सापडला. जनुकांच्या तुलनेवरून दिसले ते असे की त्या साथीच्या मुळाशी रानपक्ष्यापासून गाईपर्यंतची एकच उडी होती. तिथून राज्याराज्यांतल्या गोठ्यांत विषाणू गेला तो दूध काढण्याच्या यंत्रांतून आणि गाई वाहून नेणाऱ्या ट्रकांतून.